लाकडी चप्पल, नग एक

चुकीचा गुणाकार कानावर पडला की दादासो खोराटे सरांचा हात आपोआप वर जातो. त्याला ते काही करू शकत नाहीत. फेब्रुवारीतल्या शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापिका चोपडे मॅडम म्हणाल्या, "बावीस फूट रुंद, चौतीस फूट लांब, म्हणजे साडेसातशे चौरस फूट," आणि सरांचा हात वर गेला. त्यांना फक्त 'सातशे अठ्ठेचाळीस' एवढंच म्हणायचं होतं. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या कानात दोन चौरस फूट म्हणजे शिरलेली मुंगी असते.

"वा!" मॅडमचा चेहरा उजळला. "खोराटे सर स्वतःहून पुढं आले! टाळ्या!"

टाळ्या अशा कडाडल्या, की त्यावरूनच सरांना कळायला हवं होतं. एवढ्या आनंदानं टाळी वाजवणारा शिक्षक हा नेहमी सुटलेला शिक्षक असतो. शेजारी बसलेले विज्ञानाचे अतुल कांबळे सर तर उभं राहून वाजवत होते. खोराटे सरांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "मी कशासाठी पुढं आलो?"

"चर्च आणायला," कांबळे सर म्हणाले.

प्रकरण असं होतं. चंदगडच्या पुढं, गोव्याच्या अंगाला डोंगरात करमळवाडी नावाचं गाव आहे. तिथं शंभर वर्षांपूर्वीचं एक लाकडी प्रार्थनामंदिर उभं होतं. ज्या मिशनच्या लोकांनी कोल्हापुरात शांतिसदन विद्यालय काढलं, त्यांनीच ते बांधलेलं. आता तिथून चौपदरी रस्ता जाणार होता आणि मंदिर बरोबर रस्त्यात येत होतं. गावातली ख्रिस्ती कुटुंबं कधीच बेळगाव-पुण्याला निघून गेली होती. उरल्या होत्या त्या एकट्या शालूबाई. त्यांनी शाळेला एक पोस्टकार्ड पाठवलं होतं. मॅडमनी ते सभेत वाचून दाखवलं:

"आमचं देऊळ मे महिन्यात पाडणार हायत. माझी नात तुमच्या शाळंत हुती. ती सांगायची, शाळंत प्रार्थनेला पोरं उन्हात उभी ऱ्हात्यात, घेरी येऊन पडत्यात. तर देऊळ घेऊन जावा. लाकूड चांगलं हाय. शालू थोमा."

एवढंच. विनंती नाही, अर्ज नाही. शेजारणीनं जास्त झालेली भाजी वाटीतून द्यावी, तसं एक अख्खं देऊळ देऊ केलेलं.

घरी आल्यावर सरांनी ही बातमी जरा उशिरानं, म्हणजे दुसरी भाकरी पानात पडल्यावर सांगितली. संयोगितावहिनींनी तवा खाली ठेवला. "अहो, गेल्या दिवाळीत तुम्हाला कपाट या खोलीतनं त्या खोलीत न्यायला सांगितलं. अजून ते दारात आडवं आहे."

"कपाट दाराच्या चौकटीपेक्षा रुंद आहे. तो भूमितीचा प्रश्न आहे."

"आणि चर्चचा?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे आण्णा इंगवले आले. आण्णा एस.टी.तून निवृत्त झालेले. चालत्या वस्तूंविषयी आपला अधिकार अंतिम आहे असं त्यांचं मत. ते म्हणाले, "खोलायचं न्हाय. सगळ्यात मोठी चूक ती. खाली जॅक लावायचं, चाकं बसवायची, आन् अख्खं ओढत आणायचं. माझ्या साडूनं पोल्ट्री अशीच हलवली, कोंबड्यांसकट. एकीनं अंडं द्यायचं थांबवलं न्हाय."

तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, देऊळ हलवताना आतल्या देवाला आधी सांगावं लागतं ना? मग येशूला कुठल्या भाषेत सांगणार? समोरच्या डॉक्टरांनी 'वाळवी' हा एकच शब्द उच्चारला आणि दार लावून घेतलं. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. गणित शिकवणाऱ्या माणसाला कुणी सल्ला देत नाही; त्यामुळं सल्ला कसा परतवायचा याचा त्यांना सरावच नव्हता.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी ते, कांबळे सर आणि नेसरीचे पिराजी सुतार असे तिघं कांबळे सरांच्या गाडीतून करमळवाडीला गेले. पिराजींनी जुनी लाकडी कामं पुष्कळ केलेली. बोलायचे कमी, लाकडाशी जास्त. काजूच्या झाडांमागं रस्त्याच्या कडेला ते मंदिर होतं. पहिल्या नजरेत सरांची निराशा झाली. गुडघाभर चिऱ्याचं जोतं, वर काळ्या पडलेल्या फळ्यांच्या भिंती, कौलावर शेवाळ. धान्याचं कोठार म्हणून खपलं असतं.

शालूबाई पायरीवर बसून काजू सोलत होत्या. पंचाहत्तरीच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी तिघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तिघंच आलाय? पोती भरून न्यायचं हाय का?"

"आज फक्त पाहणी आहे, मावशी," सर म्हणाले.

"बघा की. बघायला काय लागतंय," म्हणत त्यांनी दार ढकललं.

तिघं आत गेले. बाहेरून कोठार वाटणारी ती वास्तू आतून वर वर चढत गेली होती. दोन्ही बाजूंनी सागाचे खांब उठलेले, त्यांच्या खांद्यावरून कमानदार लाकडं वाकून मधोमध एकमेकांना भिडलेली, आणि त्या सगळ्यांच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड तुळई. एखादी मोठी होडी उलटी करून डोक्यावर धरावी तसं छत. कौलांच्या फटींतून उन्हाचे बारीक दोरे खाली आले होते. सरांनी सवयीनं कमानी मोजायला सुरुवात केली आणि तीनवर विसरले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पिराजींनी पायातल्या वहाणा काढून बाहेर ठेवल्या. मग एका खांबावर तळहात ठेवून तो सांध्यापर्यंत फिरवत नेला.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्यात खिळा न्हाय."

"एकही नाही?"

"एक न्हाय. खाच, जीभ आणि मधी लाकडाचीच खुंटी. मी असलं फक्त ऐकलेलं. माझ्या बापानं बी ऐकलेलंच." आणि त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला.

निघताना शालूबाईंनी सरांचा शर्ट बाहीपाशी धरला. "मास्तर, खोलून कोण बी नेतंय. परत उभं करशील न्हवं? न्हाय तर पाडू दे. ढिगारा करून ठेवायचा असंल तर हितंच पडू दे, माझ्या डोळ्यांम्होरं."

"करेन," सर म्हणाले. म्हटल्यावर त्यांना आपल्या आवाजाचीच भीती वाटली.

आता सरकारी बाजू. रस्तेवाल्यांची हरकत नव्हती. त्यांना उलट फुकटात जागा मोकळी होत होती. पण जुनं सागवान एका तालुक्यातून दुसरीकडं न्यायचं तर वाहतुकीचा परवाना लागतो. ती कचेरी कुठली हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या कारकुनाचा दोष नव्हताच. दोष मॅडमच्या पत्राचा होता. त्यांनी लिहिलं होतं, 'जुने चॅपल हलविण्याबाबत'.

"चप्पल?" कारकुनानं विचारलं.

"चॅपल," सर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. चप्पल हलवायला परवाना कशाला लागतोय? पायात घाला आन् जावा."

"अहो, ते लाकडी आहे."

"लाकडी चप्पल?" कारकुनानं चष्मा वर केला. "खडावा म्हणा की मग."

"खडावा नव्हे! प्रार्थना करायची जागा. चौतीस फूट लांब."

कारकुनानं सरांकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाला, "बसा. पाणी घ्या."

पुढं पाच खेपा झाल्या. झाडं कुठं तोडली, या रकान्यात सरांनी 'शंभर वर्षांपूर्वी, अज्ञात' असं लिहिलं. त्यावर तोडणाऱ्याचा दाखला मागितला गेला. तो माणूस हयात नसावा असं सरांनी लेखी दिलं. त्यावर त्याच्या मृत्यूचा दाखला मागितला गेला. शेवटी एप्रिलच्या मध्याला परवाना हातात पडला. शिक्के चार, सह्या तीन, आणि मधोमध टंकलिखित: 'मालाचे वर्णन: जुनी चप्पल, लाकडी. नग: एक.'

दुरुस्तीसाठी नवा अर्ज, नवा अर्ज म्हणजे आणखी महिना. आणि एक मे रोजी करमळवाडीत यंत्रं येणार होती. ज्या माणसानं दोन चौरस फूट सोडले नव्हते, त्या माणसानं तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. त्या रात्री जेवताना वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. तत्त्व गेलं."

उतरवायला नऊ दिवस लागले. सरांनी मोठी वही केली, प्रत्येक लाकडाचा नकाशा काढला आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं एकेका तुकड्यावर आकडा घातला. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, की उलटा धरलेला तीन हा सहासारखा दिसतो आणि वाशाला वर-खाली काहीच नसतं. मग त्यांनी प्रत्येक आकड्याखाली रेघ मारली. चारशे बारा तुकडे, चारशे बारा आकडे, चारशे बारा रेघा. शालूबाई रोज पायरीवर बसून बघायच्या. पायरी काढल्यावर दगडावर बसून बघायच्या. कधी काही बोलायला तोंड उघडायच्या, तर सर बोट वर करून म्हणायचे, "एक मिनिट, मावशी, मोजतोय." मग त्या पुन्हा काजू सोलायला लागायच्या.

शेवटच्या दिवशी जोत्यावर काही उरलं नाही. शालूबाई त्या रिकाम्या चौकोनावर चढल्या, चालत एका जागी गेल्या, तिथं क्षणभर उभ्या राहिल्या आणि उतरून घरी निघून गेल्या. सरांनी वहीत डोकं घातलं, पण त्या पानावर त्यांना काही दिसत नव्हतं.

लांब ट्रेलर घाट उतरू लागला. पुढं ड्रायव्हर सम्राट, शेजारी दोघं शिक्षक. नाक्यावर पहारेकऱ्यानं हात केला, परवाना वाचला, ट्रेलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, परवाना पुन्हा वाचला.

"पावणं, ह्यात एक चप्पल लिवलीया."

"व्हय," कांबळे सर म्हणाले.

"चौतीस फुटी?"

"पाय मोठा हाय साहेब."

"कांबळे सर, कृपा करा," खोराटे सर कळवळले.

"मग जोडीतली दुसरी कुठं हाय?" पहारेकऱ्यानं विचारलं. तो चेष्टा करतोय की चौकशी, हे त्याच्या मिशांमुळं कळेना. सर खाली उतरले आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पोस्टकार्ड, रस्ता, कारकून, मृत्यूचा दाखला. त्यानं ऐकलं, ट्रेलरवर चढला आणि ताडपत्री बाजूला केली. खाली ती अखंड तुळई झोपली होती. त्यानं टोपी काढून काखेत घेतली आणि तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेला. डोंगरातच जन्म गेलेला माणूस होता.

"एवढं झाड आता ह्या अख्ख्या रानात न्हाय," तो म्हणाला. "माझ्या नोकरीत मी बघितलं न्हाय." मग उतरला, कागदावर शिक्का मारला, आणि ड्रायव्हरला बजावलं, "दमानं ने. झोपलेलं माणूस नेल्यागत ने."

इथवर सगळं बरं चाललं होतं, यावरूनच सरांनी पुढचं ओळखायला हवं होतं. शाळेच्या मैदानात लाकडं रचली, वर पत्र्याचं छप्पर घातलं, आणि सर मे महिन्यातल्या एका रविवारी मुरगूडला पुतण्याच्या लग्नाला गेले. त्याच रविवारी पालक संघानं श्रमदान ठेवलं.

पालक संघाचे अध्यक्ष बाळासो चिखलीकर. यांचं गाड्या धुण्याचं केंद्र आहे. माणूस सोन्यासारखा; पण समोर कुठलीही वस्तू आली की ती धुवायची, हा त्यांचा स्वभाव. साठ पालक, चाळीस ब्रश, सोड्याची पोती, थिनरचे डबे आणि पाण्याचा जोरकस पंप घेऊन ते सकाळी सातला हजर झाले. संध्याकाळी पाचला सर लग्नाचे लाडू घेऊन शाळेत डोकावले, तेव्हा साठही जण भिजलेले, थकलेले आणि आनंदानं फुललेले होते.

"या सर, बघा!" बाळासो ओरडले. "आरशागत केलंय! शंभर वर्षांचं तेल, काजळी, सगळं काढलं. आन् कुणीतरी नालायकानं पांढऱ्या रंगानं सगळीकडं आकडे घालून घाण केलती बघा. एक ठेवला न्हाय. थिनर लावून लावून काढला."

सरांनी एका वाशाचं टोक फिरवून बघितलं; आकडा नव्हता. मग त्यांनी लाडवांचा डबा बाळासोंच्या हातात दिला, "फार कष्ट घेतले तुम्ही," असं म्हणाले आणि चालत घरी गेले. राजारामपुरीतून चालत जाताना त्यांना तीन ओळखीचे भेटले; तिघांनीही चर्च कुठवर आलं म्हणून विचारलं. तिघांनाही ते "आलं आहे" एवढंच म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

घरी त्यांनी वही उघडली. चारशे बारा तुकड्यांचा सुरेख नकाशा, आणि मैदानात चारशे बारा निनावी लाकडं. शालूबाईंचा हात त्यांना अजून बाहीवर जाणवत होता. ढिगारा करून ठेवायचा असंल तर हितंच पडू दे. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि 'जबाबदारीतून मुक्त करण्याबाबत' असा अर्ज लिहिला. आण्णा इंगवले खाली आले आणि म्हणाले, "मी सांगितलं हुतं, चाकं लावा." वहिनींनी आण्णांना दारातूनच परत पाठवलं, लग्नाच्या तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याची बाजू एवढ्या मोठ्या आवाजात प्रथमच घेतली.

सोमवारी सकाळी अर्ज खिशात घालून सर शाळेत आले. मॅडम अजून यायच्या होत्या. मैदानात पिराजी सुतार लाकडांमध्ये उकिडवे बसले होते.

"पिराजी, माफ करा," सर म्हणाले. "सगळं गेलं."

"हिकडं या सर." पिराजींनी मान वर केली नाही. "बोट ठेवा हितं."

सरांनी बोट ठेवलं. धुतलेल्या सागावर, खाचेच्या अगदी कडेला, पटाशीनं कोरलेली एक रेघ लागली. बोट रेघेवरून फिरलं. वळली, परत वळली आणि कडेशी येऊन तुटली. माशाची शेपटी. नुसती शेपटी.

"आता हे बघा." पिराजींनी शेजारचं लाकूड फिरवलं. त्याच्या जिभेच्या मुळाशी माशाचं डोकं होतं. डोळा म्हणून एक टिंब. पिराजींनी जीभ खाचेत सरकवली. ठक असा आवाज झाला आणि मासा पुरा झाला.

सर तिथं मातीत, पॅंटची इस्त्री विसरून, मांडी घालून बसले. दोघांनी एकेक लाकूड फिरवून बघायला सुरुवात केली. अर्धा कोयता. अर्धी चंद्रकोर. बैलाचं एक शिंग, आणि ट्रेलरभर लाकडांत कुठंतरी दुसरं शिंग. कणीस, खेकडा, नांगर, पाऊल, उंबराचं पान. शंभर वर्षांच्या काजळीखाली प्रत्येक सांध्यावर कुणीतरी अर्धं चित्र या लाकडावर आणि अर्धं त्या लाकडावर कोरून ठेवलं होतं, आणि एकही चित्र दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं.

"लिहिता येत नसंल त्यांना," पिराजी म्हणाले. "आकडं येत नसतील."

आकडे येणाऱ्या माणसाचे आकडे एका रविवारी पुसले गेले होते. आकडे न येणाऱ्यांचा मासा अजून जागेवर होता.

सरांनी शालूबाईंच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर फोन लावून त्यांना बोलावलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

"म्हाइत हाय की," पलीकडून आवाज आला. "देऊळ आधी खालतीकडं नदीकाठाला हुतं. पाणी शिरायला लागलं म्हणून खोलून नऊ बैलगाड्यांवर वर आणलं. माझ्या आजेसासऱ्याची एक गाडी हुती त्यात. खुणा त्याच वक्ताच्या."

"मावशी! मग सांगितलं का नाही?"

"मी सांगाया जायाची तर तू बोट वर करायचास. मास्तर माणूस. गप बसायची."

सरांनी खिशातला अर्ज काढला, त्याच्या कोऱ्या पाठीवर पहिल्या ओळीत 'मासा' असं लिहिलं आणि पुढं यादी सुरू केली.

जून ते नोव्हेंबर काम चाललं. आठवी-नववीच्या वर्गांनी लाकडावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि खुणांचे ठसे काढले. ते व्हरांड्यात टांगले. मधल्या सुट्टीत पोरं जोड्या शोधायची. 'खेकडा सापडला!' अशी आरोळी आली की शिक्षकसुद्धा खडू टाकून पळायचे. बाळासो चिखलीकरांना आपण काय धुतलं ते कळल्यावर ते आठवडाभर शाळेकडं फिरकले नाहीत. मग आले आणि शेवटपर्यंत पिराजींच्या हाताखाली लाकडं उचलत राहिले. सर त्यांना एकदाही काही बोलले नाहीत. खरं तर आभार मानावेत असं त्यांना वाटायचं, पण तेवढा मोठेपणा अजून जमला नव्हता. तुळई चढवायच्या दिवशी चाळीस माणसं दोराला लागली. ती वर जाऊन कमानींच्या खांद्यावर टेकली तेव्हा एकामागून एक सांधे आपसूक आवळले गेले. टक, टक, टक, असा आवाज या टोकापासून त्या टोकाला गेला. पिराजी खाली उभे राहून रडत होते आणि डोळ्यांत भुसा गेला म्हणत होते.

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी उद्घाटन. सकाळी आठची प्रार्थना. कांबळे सर आदल्या दिवशीच जाऊन शालूबाईंना घेऊन आले होते. मावतील तेवढी पोरं ओळीनं आत जाऊन पुढं बसली. डाव्या बाजूला शिक्षक, उजव्या बाजूला पाहुणे आणि पालक. ज्या पोरांना गप्प करण्यात सरांचा घसा गेला होता, ती आत शिरल्याबरोबर माना वर करून छताकडं बघत राहिली. कुणी 'शांत बसा' म्हटलं नाही.

शालूबाई दारात थांबल्या. छताकडं त्यांनी बघितलंही नाही. सरळ चालत उजव्या हाताला तिसऱ्या खिडकीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि चेहरा वर करून डोळे मिटले. थोड्या वेळानं डोळे उघडले. उठल्या, हातभर पुढं बसल्या. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले.

सर वाकून त्यांच्यापाशी गेले. "काय झालं, मावशी?"

"हितं ऊन येत हुतं," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासनं. प्रार्थनेच्या वक्ताला बरोबर तोंडावर. आज न्हाय."

सरांनी इकडं तिकडं बघितलं. ऊन होतं. चांगलं लख्ख, हिवाळ्याचं, पिवळं ऊन; पण ते सगळं डाव्या बाजूला, शिक्षकांच्या अंगावर सांडलं होतं. आणि मग भूमिती शिकवणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यात सगळं एका क्षणात उलगडलं. करमळवाडीत दार दक्षिणेला होतं. इथं त्यांनी ते उत्तरेला केलं होतं, कारण मैदान उत्तरेला होतं. खुणांनी कुठलं लाकूड कुठल्या लाकडाला भिडतं ते सांगितलं होतं. तोंड कुणीकडं करायचं ते कुणालाच विचारलं नव्हतं. चारशे बारा तुकडे बिनचूक जोडून खोराटे सरांनी अख्खं देऊळ पाठमोरं उभं केलं होतं.

"मावशी," ते म्हणाले, "माझं चुकलं. उलटं झालं. दार... मी दिशाच बघितली नाही."

शालूबाईंनी पलीकडच्या उन्हाकडं बघितलं. मग पहिल्यांदाच वर, त्या उलट्या होडीकडं, कमानींकडं, अखंड तुळईकडं बघितलं. बघतच राहिल्या. शंभर पोरं त्यांच्याकडं बघत होती.

"उभं हाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग झालं तर."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मधली वाट ओलांडून शिक्षकांच्या बाजूला गेल्या आणि तिथल्या रिकाम्या जागेपाशी उभ्या राहिल्या. ती जागा सरांची होती. त्यांची वही तिथं ठेवलेली होती. शालूबाईंनी वही उचलून सरांच्या हातात दिली, उन्हात बसल्या, आणि शेजारी थोडी जागा करून त्यांच्याकडं बघितलं.

"मास्तर, बस की आता. किती वेळ उभा ऱ्हाणार हाईस?"

सर बसले. ऊन त्यांच्याही चेहऱ्यावर आलं.